हजेरीपटाबाहेरचं दुखणं

विद्यापीठातल्या माणसांची तब्येत मोजायची टूम निघालीय. मानसशास्त्रवाला मोजतोय, समाजकार्यवाला मोजतोय, शारीरिक शिक्षणवाला मोजतोय, आणि ज्याला पीएच.डी.ला विषय सापडत नाही तो तर मोजतोच मोजतो. विषयाचं नाव भारदस्त : विद्यापीठीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्याशी निगडित जीवनमानाचा दर्जा. आत तक्ते, टक्केवारी, रंगीत गोल. निष्कर्ष आधीच ठरलेला. ताण वाढलाय, बैठं काम फार आहे, कर्मचाऱ्यांनी योगासनं करावीत. मग २१ जूनला सभागृहात सतरंज्या अंथरल्या जातात आणि साहेबापासून कारकुनापर्यंत सगळे पोट आत ओढून फोटो काढतात. त्या सतरंज्या पहाटे कुणी अंथरल्या, नंतर झटकून घड्या कुणी घातल्या, त्या बायांच्या कंबरेचं काय, हे कुठल्याही तक्त्यात नसतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी कंधारचा. एम.ए., नेट, आणि तासिका तत्त्वावरचा मास्तर. उन्हाळ्यात तास बंद, म्हणजे पगार बंद. तेव्हा असल्या फॉर्मांचे गठ्ठे पाठीवर मारून मी कॉलेजाकॉलेजांतून हिंडलोय. एका फॉर्ममागं तीस रुपये. फॉर्म देणाऱ्या संशोधकानं पहिल्याच दिवशी बजावलं, "हजेरीपटावर नाव असेल त्याचाच फॉर्म भरायचा. गुत्तेदाराची माणसं घ्यायची नाहीत. ती आपली नाहीत."

आपली नाहीत! सकाळी सहाला सगळ्यांच्या आधी फाटकातून आत येतात, सगळ्यांच्या नंतर बाहेर पडतात, तुमच्या मुताऱ्या धुतात, तुमच्या परीक्षेच्या हॉलमधली बाकडी उचलतात, आणि ती आपली नाहीत. मग ती कुणाची? गुत्तेदाराला विचारा, तो म्हणतो माणसं कॉलेजची, मी फक्त पुरवठा करतो. पुरवठा! वाळूचा, खडीचा करतात तसा.

आता त्या फॉर्माकडं बघा. जगात सगळ्यांत जास्त चालतो तो अमेरिकेतला एसएफ-३६. वेअर आणि शेरबोर्न ह्यांनी १९९२ साली तो प्रसिद्ध केला. प्रश्न ३६, उत्तरांचे गुण शून्य ते शंभर. त्यातले दहा प्रश्न अंगमेहनतीचे. तब्येतीमुळं तुम्हाला अमुक काम करायला अडचण येते का? फार येते, थोडी येते, अजिबात येत नाही. कामं कोणती? टेबल सरकवणं. व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं. गोल्फ खेळणं. होय दोस्तांनो, मूळ फॉर्मात गोल्फ आहे. आपल्याकडचे शहाणे भाषांतर करताना गोल्फ काढून दुसरं काहीतरी घालतात, तेवढी अक्कल त्यांना आहे. पण गोल्फ काढला तरी गोल्फ खेळणाऱ्याची नजर फॉर्मातून जात नाही. त्या नजरेला जिना चढणं, वाकणं, ओझं उचलणं, मैलभर चालणं ही तब्येतीची परीक्षा वाटते. आमच्या माणसांचं तेच पोट आहे.

मी हट्टाला पेटलो. माझी मावशी एका कॉलेजात गुत्तेदाराकडं झाडायला आहे. कुठलं कॉलेज ते सांगत नाही, सांगितलं तर उद्या तिचा झाडू काढून घेतील. रात्री जेवणं झाल्यावर मी तिच्यापुढं तोच फॉर्म घेऊन बसलो. मैलाहून जास्त चालायला अडचण येते का? "बहादरपुऱ्याहून चालत येते की मी, लेकरा. रिक्षाला कुठून देऊ?" जिने चढायला? "तीन मजले हायत. झाडायचं म्हंजी चढायचंच." वाकायला, गुडघ्यावर बसायला? "वाकल्याबिगर फरशी पुसती व्हय?" जड उचलायला? "बादल्या कोण उचलतंय मग, तुझा प्रिन्सिपल?" मी उत्तरं मांडली. अंगमेहनतीच्या प्रश्नांत मावशीला शंभरपैकी शंभर. त्याच दुपारी मानेला पट्टा बांधलेल्या एका प्राध्यापकाचा फॉर्म भरला होता, त्याला पासष्ट. कागदावर मावशी प्राध्यापकापेक्षा धडधाकट. तिच्या बोटांची सालं ॲसिडनं निघालीत, रात्री ती कुशीवर वळताना कण्हते, संडासात ॲसिड टाकलं की जो खोकला येतो तो दिवसभर जात नाही. फॉर्मात दुखण्याचाही प्रश्न आहे. चार आठवड्यांत किती दुखलं? ती म्हणाली, "दुखायलंय की. पण ते काय दुखणं नव्हं. ते काम हाय." आता हे मी कुठल्या रकान्यात लिहू? आणि शेवटी एकंदर तब्येत कशी आहे विचारलं तर म्हणते, "बरं हाय."

ह्या 'बरं हाय'वर अख्खा ग्रंथ लिहायला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेचाही असा एक फॉर्म आहे, २६ प्रश्नांचा. तो अमेरिकेतल्यापेक्षा बरा. पैसा पुरतो का विचारतो, राहायची जागा कशी आहे विचारतो. पण त्याच्या मुळाशी जी व्याख्या आहे ती नीट वाचा : माणूस आपली संस्कृती, आपली मूल्यं, आपल्या अपेक्षा ह्यांच्या संदर्भात स्वतःच्या जगण्याकडं कसं पाहतो, तो त्याचा जीवनमानाचा दर्जा. अपेक्षा! ज्यांना हजारो वर्षं अपेक्षाच करायची नाही असं शिकवलं, शिळं घे आणि दूर बस म्हणून शिकवलं, त्यांच्या अपेक्षांच्या मापानं त्यांचं जगणं मोजायचं. फूटपट्टीच तोडून ठेवायची आणि मग म्हणायचं, बघा, उंची पुरेशी आहे.

हे माझं एकट्याचं डोकं फिरलंय असं समजू नका. अमर्त्य सेन ह्यांनी २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हेच लिहिलं. केरळातली माणसं देशात जास्त जगणाऱ्यांपैकी, पण स्वतःहून आजार सांगण्यात तीच पुढं. बिहारात माणूस लवकर मरतो आणि आजार कमी सांगतो. अमेरिकेतला माणूस केरळवाल्याहूनही जास्त सांगतो. का? ज्यानं दवाखाना पाहिला, शाळा पाहिली, त्याला कळतं की हे दुखणं आहे आणि ह्यावर इलाज असतो. ज्यानं पाहिला नाही तो म्हणतो, बरं हाय. मग नुसत्या सांगण्यावर विसंबून तक्ते केले तर बिहार निरोगी आणि केरळ रोगी ठरेल. कंधारातही हेच होतं. प्राध्यापक रोगी, झाडूवाली निरोगी. सरकारला दुसरं काय पाहिजे?

आणखी एक गोम आहे. फॉर्म भरायला कोण सापडतो? जो कामावर आहे तो. हजेरीपटावरच्या माणसाला हृदयविकार झाला तर तो रजा टाकतो, परत येतो, फॉर्म भरतो. गुत्त्यातली बाई आजारी पडली तर चार दिवस खाडा, पाचव्या दिवशी तिच्या जागी दुसरी. ती तक्त्यातून गेली. फटाफट मोडलेली माणसं काढून टाकायची आणि उरलेल्यांची सरासरी काढायची, मग सरासरी चांगलीच येणार. उद्या चुकून एखादा भला संशोधक गुत्त्यातल्या माणसांचे फॉर्म भरायला आला, तरी त्याला जी बसलीय ती भेटत नाही, जी उभी आहे तीच भेटते.

उभ्यावरून आठवलं. फाटकावरचे वॉचमन. बारा बारा तास उभे. पायाच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या. ड्यूटी बदलली की झोप बदलते, झोप बदलली की जेवण बदलतं, चाळिशीच्या आत साखर. त्यांना खुर्ची देत नाहीत, का तर साहेब आले की उठून सलाम ठोकायला उशीर होतो. आणि बायांच्या संडासाचं तर बोलायलाच नको. जो संडास मावशीनं सकाळी घासला त्याला दहा वाजता कुलूप लागतं, चावी स्टाफकडं. घासणारी स्टाफ नाही. ती दिवसभर लघवी धरून ठेवते, म्हणून पाणी पीत नाही, म्हणून लघवीला आग होते, म्हणून मेडिकलवरून गोळी आणते. तुमच्या ३६ प्रश्नांत किंवा २६ प्रश्नांत 'तुम्ही घासलेल्या संडासात तुम्हाला जाऊ देतात का' हा प्रश्न आहे? कुठल्या विद्यापीठाच्या कुठल्या गाईडला हा प्रश्न सुचला असता?

आम्ही तासिकावाले थोडे वरच्या पायरीवर. अंगात इस्त्रीचा शर्ट असतो. सकाळी कंधारात दोन तास, मग मोटारसायकलला किक मारून लोहा, दुपारी मुखेड, कुणी कुणी अहमदपूरपर्यंत. खड्ड्यांनी मणके खिळखिळे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ साली सांगितलं, अतिथी अध्यापकाला तासाला १५०० रुपये द्या, महिन्याला ५० हजारांपर्यंत. महाराष्ट्रातला तासिकेचा दर तेव्हा कितीतरी खाली होता, आणि तोही हातात पडायला महिनोन् महिने. लग्नाची वयं गेली. मुलगी बघायला गेलं की विचारतात, परमनंट का? आमच्यातले कितीतरी जण झोपेच्या गोळीवर आहेत, आणि विद्यार्थ्यांना मानसिक आरोग्य शिकवतात. तरी सांगतो, आमच्या दुखण्याला निदान तोंड आहे. आम्ही निवेदनं देतो, मोर्चे काढतो, बातमी छापून येते. झाडूवालीच्या दुखण्याला कागदच नाही.

कागद का नाही, ह्याचं उत्तर तब्येतीच्या शास्त्रात शोधू नका. ते जातीत आहे. झाडणं, धुणं, उपसणं ही कामं ज्यांच्या वाट्याला आली त्यांची जात बघा आणि कायम जागा ज्यांच्या वाट्याला आल्या त्यांची जात बघा. एके काळी कायम शिपाई, कायम सफाई कामगार म्हणून लागलेल्या आमच्या बापांनी पोरं शिकवली, कारण पगार ठरलेला होता, रजा होती, म्हातारपणी पेन्शन होतं. आरक्षणानं ती जागा मिळत होती. गुत्त्यात आरक्षण नाही. म्हणून गुत्तं आलं. ६ सप्टेंबर २०२३ ला राज्य सरकारनं नऊ कंपन्या नेमून सरकारी कामाला माणसं पुरवायचा निर्णय काढला; पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा ऑक्टोबरात तो मागं घ्यावा लागला. पण शिपाई आणि झाडूवाला कधीच गुत्त्यात गेले होते, त्यांच्यासाठी कोण उतरलं? ११ डिसेंबर २०२० च्या निर्णयानं खासगी अनुदानित शाळांतल्या शिपायाच्या जागेऐवजी ठोक भत्ता ठेवला, ग्रामीण भागात महिना पाच हजार. शाळेत झालं ते कॉलेजात व्हायला किती वेळ लागतो?

दिल्लीचं सरकारही ह्यात मागं नाही. कामगारांची सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीची म्हणून एक संहिता २०२० साली संमत केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. नावातच आरोग्य. ती म्हणते, मूळ कामात कंत्राटी कामगार लावायचा नाही. छान! मग मूळ काम कोणतं नाही त्याची यादी देते. पहिल्याच ओळीत झाडणं, पुसणं, धूळ काढणं, कचरा उचलणं. पाठोपाठ पहारा. पुढं बागकाम. म्हणजे संस्थेनं स्वतः मुद्दाम हेच काम धंदा म्हणून काढलं नसेल तर झाडणं हे मूळ काम नाही. एक आठवडा झाडू ठेवा, मग बघू कुलगुरूंचं मूळ काम कसं चालतं. आणि पुढं ऐका. कंत्राटी कामगाराला प्यायचं पाणी, विसाव्याची खोली, प्रथमोपचार हे मूळ मालकानं द्यायचं. गुत्तेदारानं पगार बुडवला तर मालकानं भरायचा. पण हे कधी? गुत्तेदाराकडं पन्नास माणसं असतील तेव्हा. केंद्राच्या १९७० च्या कायद्यात वीस होती. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात गुत्तेदाराकडं बारा बाया असतात. बारांना तहान लागत नाही, असं संहितेचं म्हणणं दिसतं.

न्यायालयाचं म्हणाल तर २००६ साली उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हंगामी माणसाला कायम होण्याचा हक्क नाही. अठरा वर्षं सगळ्या संस्थांनी तो निकाल ढालीसारखा वापरला. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्यात त्याच न्यायालयानं केंद्रीय जल आयोगाकडं वर्षानुवर्षं झाडलोट केलेल्या बायांना कायम करायला लावलं आणि उमादेवीचा असा वापर चुकीचा ठरवला. आमच्या भागातल्या किती गुत्त्यातल्या बायांना ही जग्गो माहीत आहे? मावशीला मी सांगितलं तर तिनं एवढंच विचारलं, "तिला रजा भेटती का आता?"

रजा. इथं येऊन सगळी तब्येत अडते. १९४२ ते ४६ बाबासाहेब मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ ला, अडारकरांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला, त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा झाला, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. त्यात कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जातात. बदल्यात दवाखाना आणि आजारपणात घरी बसल्यावर सत्तर टक्के मजुरी, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. ९१ दिवस! मावशीची कंबर ९१ दिवसांत सरळ होईल. पण सहा महिन्यांत ७८ दिवस भरल्याची नोंद पाहिजे. गुत्तेदार कागदावर कुणाचे पन्नास दिवस दाखवतो, कुणाचं नावच दाखवत नाही, गुत्तं बदललं की जुनी नोंद हरवते. बाबासाहेबांच्या काळात जे घडलं ते गुत्तेदाराच्या वहीत बुडालं, आणि हाच गुत्तेदार १४ एप्रिलला निळा फेटा बांधून मिरवणुकीत पुढं असतो.

मग म्हणतात, योजना आहे ना. आहे. राजीव गांधी जीवनदायी म्हणून २०१२ ला सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होता. आता ती महात्मा फुल्यांच्या नावानं आहे. पोटात गाठ झाली, हृदयाची झडप गेली, तर तिचा उपयोग होतो, मी नाकारत नाही. पण ती भरती झालेल्यासाठी आहे. सोललेली बोटं, ॲसिडचा खोकला, गुडघा, लघवीची आग ह्यांसाठी कुणी भरती होत नाही. त्यासाठी कंधारहून नांदेडला जायचं म्हणजे एक दिवसाचा खाडा आणि एसटीचं भाडं.

आणि नांदेडला जाऊन पोचायचं कुठं? विष्णुपुरीला. विद्यापीठही तिथंच आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही तिथंच. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३, ह्या चोवीस तासांत त्या रुग्णालयात चोवीस माणसं मेली, त्यात बारा नवजात पोरं. औषधं नव्हती, माणसं कमी होती अशी सगळीकडं बोंब झाली. मग हिंगोलीचे तेव्हाचे खासदार आले. त्यांनी रिकाम्या जागांचा हिशेब मागितला का? कंत्राटी सफाईचा ठेका कुणाला दिला ते विचारलं का? त्यांनी अधिष्ठात्याच्या हातात झाडू दिला आणि कॅमेऱ्यापुढं संडास साफ करायला लावला. त्यावर ॲट्रॉसिटीच्या कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. हे अधिष्ठाता कुठल्या समाजातले ते त्या कलमावरून ओळखा. डॉक्टर झाला, विभागप्रमुख झाला, अधिष्ठाता झाला, तरी संडास घाण दिसला की साहेबाचा हात झाडू घेऊन नेमका कुणाकडं वळतो! हा अपमानही तब्येतीतच मोजला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनं १९४८ पासून आरोग्याच्या व्याख्येत शरीर आणि मनाबरोबर सामाजिक स्वास्थ्य हा शब्द ठेवलाय. आमच्या विद्यापीठांच्या फॉर्मात त्याचं भाषांतर 'मित्रांना किती वेळा भेटता' असं होतं.

ह्या जिल्ह्याला विद्यापीठ म्हणजे काय ते कुणी शिकवायची गरज नाही. २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमची घरं पेटली. ह्याच नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळेंना मारलं. ह्याच नांदेडात १९९३ ला गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला बाबासाहेबांचं नाव पाटीवर आलं, आणि त्याच सालच्या १७ सप्टेंबरला नांदेडचं विद्यापीठ वेगळं झालं. विद्यापीठात माणूस म्हणून जायचं होतं आमच्या माणसांना. पाट्या पुसायला नव्हे.

म्हणून कंधारात आम्ही काही पोरांनी आमचा फॉर्म केलाय. एका पानाचा, अकरा प्रश्नांचा. कसं वाटतं, उत्साह आहे का, असलं काही त्यात नाही. पगार किती तारखेला झाला आणि सहीच्या आकड्याएवढाच हातात आला का. ईएसआयचा नंबर आहे का. ॲसिडसाठी हातमोजे दिले का, किती महिन्यांपूर्वी. कामाच्या जागी संडासाची चावी कुणाकडं. मागच्या वर्षी आजारपणाचे किती खाडे, किती पैसे कापले. तुमच्या आधी ह्या जागेवर कोण होतं, ती का गेली, आता कशी आहे. हा शेवटचा प्रश्न मुद्दाम घातलाय, म्हणजे घरी बसलेलीही कागदावर येईल. जात विचारलीय, उघड विचारलीय.

कंधार, लोहा, मुखेड इथल्या कॉलेजांतून हे फॉर्म भरून घ्यायचे आणि गठ्ठा विष्णुपुरीला नेऊन कुलसचिवांच्या टेबलावर ठेवायचा. संलग्नता देताना तुम्ही वर्गखोल्या मोजता, पुस्तकं मोजता, मग गुत्त्यातली माणसं का मोजत नाही, हे तिथंच विचारायचं. नावं फॉर्मावर घालणार नाही, म्हणून भ्यायचं कारण नाही. भरायला येताना पगार जमा झाल्याचा बँकेचा उतारा बरोबर आणा. पगार रोख मिळत असेल तर तसं लिहून घेऊ.